हलक्या पट्ट्या

तालमीहून परत आल्यावर ताईने पर्स खुर्चीवर टाकली, बूट काढले आणि "मला कुणीही काहीही विचारू नका," असं बजावून ती पियानोच्या खोलीत शिरली. साहजिकच सगळे तिच्या मागोमाग त्या खोलीत शिरले.

सगळे म्हणजे तिघंच. पण ही तिघं मिळून लग्नघराएवढा गोंधळ घालू शकतात, याचा अनुभव एव्हाना साऱ्या इमारतीला होता. ताईचा धाकटा भाऊ, ज्याला अख्खी गल्ली भाऊच म्हणते, तो खालच्या मजल्यावरच्या पियानो-दुरुस्तीच्या कारखान्यातून हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट वर आला. मामी, म्हणजे भाऊची बायको, गॅस बारीक करून आली. आणि ताईची लेक चिंगी तर तिच्याबरोबरच सभागृहातून आली होती. चाळिशीला टेकलेल्या, संगीत विद्यालयात पियानो शिकवणाऱ्या बाईला चिंगी म्हणू नये, हे तिने घरच्यांना सांगून पाहिलं होतं. मग सोडून दिलं.

ताईने झाकण उघडलं आणि बसायचीही वाट न पाहता उजव्या हाताने ती धाव घेतली. शनिवारच्या कार्यक्रमात शेवटी जी सोनाटा वाजवायची होती, तिचा शेवट सुरांच्या या धावेवर होता. करंगळीने वरचा सूर धरायचा, बाकीच्या बोटांनी भराभर खाली यायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि सगळा भार अनामिकेवर. धाव लख्ख वाजली. तिने पुन्हा वाजवली. पुन्हा लख्ख.

"ऐकलंत?" ती वळून म्हणाली. "हात ठणठणीत आहे माझा. सभागृहातला पियानो बिघडलाय."

भाऊने स्क्रू-ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. मामीने चिंगीकडे पाहिलं आणि चिंगीने खिडकीकडे.

"मागच्या वेळी विद्यापीठातला बिघडला होता," चिंगी म्हणाली. "त्याच्या आधी त्या नव्या नाट्यगृहातला."

"असतात बिघडलेले. लोक नीट ठेवत नाहीत."

"जगातले सगळे पियानो बिघडले आणि आपला एकटा धड राहिला, असं कसं होईल गं आई?"

"आपल्याकडे भाऊ आहे," ताई म्हणाली.

यावर भाऊ काहीतरी पुटपुटला आणि खाली काम पडलंय म्हणून निघायला लागला. मामीने त्याची बाही धरली.

"थांबा जरा. सगळ्यांच्या समोरच बोलते. ताई, तुम्ही यायच्या आधी व्यवस्थापकांचा फोन येऊन गेला."

सभागृहाचा व्यवस्थापक हा माणूस इतका अदबीने बोलायचा की त्याची वाईट बातमी कळायला थोडा वेळ लागे. त्याने मामीला आधी तब्येत विचारली होती, मग हवा, मग ताईंची तब्येत. मग तो म्हणाला होता की तालमीत ताई तीनदा त्याच जागी थांबल्या, चौथ्यांदा झाकण लावून निघूनच गेल्या, आणि आपण कुणी डॉक्टर नाही, पण शनिवारी सभागृह भरलेलं असेल. ताईंनी विश्रांती घ्यायचं ठरवलं तर लोक समजून घेतील. शिवाय चिंगीताईंनी हाच कार्यक्रम बसवलाय असं कानावर आलंय, तेव्हा लेकीने आईच्या जागी बसणं हे तर किती छान दिसेल. उद्या सकाळी काय ते कळवावं.

मामीने हे सगळं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं सांगायचं धाडस झालं नसतं.

ताई स्टुलावर बसली. "चिंगीने हाच कार्यक्रम बसवलाय," ती सावकाश म्हणाली. "हे त्याच्या कानावर कुणी घातलं?"



"मी," मामी म्हणाली.

*

मामी या घरात आली तेव्हा तिला पियानोतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि आजही फारसं कळत नाही असं ती स्वतःच सांगते. पण घरातली माणसं तिला कळत. रोज सकाळी ताईच्या हाताला गरम पाण्याचा शेक द्यायला तीच बसायची. हात चोळताना शेवटची दोन बोटं कशी आत वळून राहतात, उघडायला किती वेळ लागतो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षात ताईच्या हातून कप किती सुटले हेही तिला माहीत होतं, कारण काचा तीच गोळा करायची. ताई दर वेळी म्हणायची, कपाचा कान निसरडा होता. पियानो बिघडलेले, कप निसरडे, दाराच्या मुठी घट्ट. बाईने सगळ्या जगावर खापर फोडलं, फक्त हाताला सांभाळून घेतलं.

आणि दुसरीकडे चिंगी. ही पोर चांगली वाजवते असं लोक म्हणायचे आणि लगेच पुढे म्हणायचे, आईवर गेलीय. तिच्या नावावर तिची स्वतःची अशी एकही संध्याकाळ नव्हती. मामीला मूलबाळ नाही. चिंगीच्या शाळेच्या वेण्या तिनेच घातलेल्या, कारण ताई तेव्हा कुठल्या ना कुठल्या परक्या गावात वाजवत असायची. म्हणून परवा बाजारात व्यवस्थापक भेटला तेव्हा मामीने चिंगीची गोष्ट त्याच्या कानावर घातली. तिला त्याचा पश्चात्ताप अजिबात नव्हता, फक्त भीती वाटत होती.

"मी सांगितलं," ती पुन्हा म्हणाली. "रागवा हवं तर. पण स्टेजवर तुमचा हात अडला आणि लोक कुजबुजले, तर ते मला बघवणार नाही. आणि या पोरीने अजून किती वर्षं पहिल्या रांगेत बसून टाळ्याच वाजवायच्या?"

"छान," ताई म्हणाली. "माझ्याच घरात माझी वाटणी चाललीय. आणि चिंगे, तू? तूही यात?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही," चिंगी म्हणाली. "पण बसवलाय. सगळा कार्यक्रम. विद्यालयात मुलं गेल्यावर."

"कशाला?"

चिंगीला खोटं सांगता आलं असतं. हातांना सराव म्हणून, मुलांना शिकवायला म्हणून. पण गेले काही महिने ती रिकाम्या वर्गात बसून ही सोनाटा वाजवत होती ती कशासाठी, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते आठवून तिला रोज लाज वाटायची.

"कारण मला वाटलं तू थांबशील," ती म्हणाली. "आणि तू थांबलीस तर मला वाजवायचंय."

"अगं!" मामी म्हणाली, कारण तिला इतकं सरळ उत्तर नको होतं.

ताई मात्र रागावली नाही. तिने लेकीकडे नीट पाहिलं, दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन पाहावी तसं. मग ती स्टुलावरून उठली.

"बस," ती म्हणाली. "वाजव. शेवटचा भाग. बघू दे कुणाच्या हाती देतेय."

*

चिंगी बसली. आईच्या पियानोवर ती कितीतरी वर्षांत बसली नव्हती. या घरातल्या पियानोवर ताई सोडून कुणी वाजवायचं नाही असा काही नियम नव्हता, पण वाजवलं की ताई दाराशी उभी राहून ऐकायची, आणि ते कुणाच्याही बोटांना मानवण्यासारखं नव्हतं.

खरा नियम होता तो वेगळाच. ताई आणि भाऊ लहान असताना, खालचा कारखाना त्यांचे वडील चालवत. घरात त्यांना दादा म्हणत. एके दिवशी ताईला एक सूर खरखरीत वाटला म्हणून तिने आत हात घालून तारेवर आपटणारी हातोडी वाकवली. भाऊ म्हणाला, वाजवताना लाकूड फोडतेस म्हणूनच ती खरखरत होती. मग जी मारामारी झाली तिच्यात भाऊचा दात पडला. दादांनी दोघांना समोर उभं केलं आणि निकाल दिला: वाजवणाऱ्याने पियानोच्या आत हात घालायचा नाही, आणि आत हात घालणाऱ्याने वाजवण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दादांना जाऊन जमाना झाला, पण हा निकाल घरात तसाच चालू राहिला. भाऊ ताईच्या प्रत्येक कार्यक्रमाला जायचा आणि नंतर भेटून एवढंच म्हणायचा, "सुरात राहिला पियानो." आणि ताईला ते पुरत असे. निदान तिला तसं वाटे.

चिंगीने सुरुवात केली. पहिल्या पानाला सगळं ठीक होतं. जरा जास्तच ठीक होतं. पट्ट्या बोटांखाली आपणहून खाली जात होत्या, आणि तिला क्षणभर वाटलं, आपला हात एवढा तयार झालाय? मग ती जागा आली, जिथे एकच सूर भरभर पुन्हा पुन्हा ठोकायचा असतो. तिथे पियानो गुळमुळीत झाला. बोट पोचायचं आणि पट्टी अजून वर आलेलीच नसायची.

ती थांबली. पुन्हा तोच सूर ठोकला. पुन्हा तेच.

"काय झालं?" ताई म्हणाली. "अडलं?"

"ही पट्टी वर यायला आळस करतेय."

"पट्टीला नावं ठेवू नकोस. बोटं तुझी आहेत."

मामीला हसू आलं, कारण माय-लेकींची जुळी वाक्यं एका तासाच्या आत ऐकायला मिळाली होती. चिंगी हसली नाही. तिने दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. मग ती उठून भाऊकडे गेली आणि काही न विचारता त्याच्या कमरेच्या पिशवीतली छोटी पितळी वजनं काढून घेतली. पट्टीच्या टोकावर एकेक वजन ठेवत जायचं, कितव्याला ती खाली बसते ते पाहायचं, की पियानो हलका की जड ते कळतं. लहानपणी मामाच्या मागे मागे कारखान्यात फिरताना हा तिचा आवडता खेळ होता.

तिने एक वजन ठेवलं. दुसरं ठेवलं, आणि पट्टी हळूच खाली गेली.

"एवढ्यावर?" ती म्हणाली. "मामा, विद्यालयातली पट्टी याच्या दुपटीवरही ढिम्म हलत नाही."

चिंगीने शेजारची पट्टी घेतली. तीही गेली. मग सगळे वळून भाऊकडे पाहू लागले. लपण्यासारखी जागा त्या खोलीत नव्हती, नाहीतर तो पन्नाशी उलटलेला माणूस तिथे नक्की लपला असता.

"मी केलंय," तो म्हणाला.

*

ताईची अनामिका उशिरा पोचते, हे भाऊला घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तो कारखान्यात खाली काम करायचा आणि वरून छतातून ताईचा रियाज ऐकू यायचा. त्याला सवय होती. जसं दुसऱ्याला रस्त्यावरची रहदारी ऐकू येत नाही, तसा त्यालाही तो ऐकू येईनासा झाला होता. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ऐकू आला. एक सूर केसभर मागे पडला होता. दुसऱ्या दिवशीही पडला. आठवड्याने त्याला फक्त तेवढंच ऐकू येऊ लागलं.

बोलायचं तर दादांचा नियम आड आला. खरं सांगायचं तर नियम आड आला याचं त्याला बरंच वाटलं. ताईला "तुझं बोट मागे पडतंय" असं कोण सांगणार? मग जे त्याला येत होतं तेवढंच तो करू शकत होता. ताई दौऱ्यावर गेली की तो पट्ट्या बाहेर काढायचा आणि प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला, पोटाच्या बाजूने, शिशाचा एक इवलासा गोळा स्क्रूने बसवायचा. पुढे वजन वाढलं की पट्टी दाबायला कमी जोर लागतो, फक्त वर यायला ती वेळ घेते. ताई परत यायची, बसायची आणि म्हणायची, "घरच्या पियानोवर हात कसा मोकळा सुटतो." त्या दिवशी भाऊला जेवण गोड लागायचं. पुढच्या दौऱ्याला तो आणखी एक गोळा बसवायचा.

हे सगळं त्याने आता सांगितलं, अडखळत, जमिनीकडे बघत.

चिंगी ताडकन उभी राहिली. "मामा, तुला कळतंय का तू काय केलंस? दोन वर्षं ती हलक्या पट्ट्यांवर रियाज करतेय. बोटांतलं होतं तेवढं बळही गेलं असेल! म्हणून तिला बाहेरचा प्रत्येक पियानो जड लागतोय. वेळेवर कळलं असतं तर डॉक्टर, व्यायाम, काहीतरी केलं असतं. तू तिला घरात बसून फसवत होतास!"

"तोंड सांभाळून बोल," मामी म्हणाली. "मामा आहे तुझा. तुझ्या आईपायी त्याने जन्म काढलाय त्या कारखान्यात."

"मग तूच सांग, बरोबर केलं?"

"बरोबर नाही केलं. पण तू काय केलंस? तुला दिसत होतं ना? तू जाऊन तिची सोनाटा बसवलीस!"

अर्ध्या तासापूर्वी या दोघी एका बाजूला होत्या. भाऊ मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गप्प बसा," ताई म्हणाली.

तिने पियानोच्या पट्टीवर तेच पितळी वजन ठेवलं, पट्टी खाली गेलेली पाहिली, उचललं, पुन्हा ठेवलं.

"म्हणजे मला कळायच्या आधी तुला कळलं," ती भाऊला म्हणाली.

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"दादांनी सांगितलं होतं..."

"दादा वारले, भाऊ. दादांनी आपली मारामारी सोडवली होती. मी स्टेजवर तोंडघशी पडेपर्यंत गप्प बस असं नव्हतं सांगितलं." तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "आज तालमीला सभागृहातले तिघे-चौघे खुर्च्यांत बसून माझ्याकडे दयेने बघत होते. मला वाटलं, मी वेडी झालेय. घरी येतं आणि तिथे येत नाही. मी रस्ताभर चिंगीशी भांडत आले, आणि मनात म्हणत होते, संपलं तुझं. तुला ठाऊक आहे कसं वाटतं ते?"

"चुकलं माझं," भाऊ म्हणाला. "तू घरी आलीस की खूश असायचीस. मला तेवढंच दिसत होतं."

ताईला राग आला होता, भयंकर आला होता, आणि त्याच वेळी हा माणूस पट्ट्यांच्या पोटाला शिसं बसवत एकटाच वाकून बसलाय असं चित्रही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आपल्यावर इतकी माया करणारी माणसं आहेत आणि एकानेही आपल्याला खरं सांगितलं नाही, याचं तिला रडू येत होतं. पण रडायला तिला आत्ता सवड नव्हती.

"काढ ते शिसं," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. सगळ्या पट्ट्यांचं."

"आई," चिंगी म्हणाली, "शनिवारपर्यंत बोटांत बळ येत नसतं."

"बळ नाही येत. पण माझ्याकडे खरोखर काय शिल्लक आहे ते तरी कळेल. ते कळल्याशिवाय मी थांबत नाही आणि तुला जागाही देत नाही. भाऊ, उभा काय राहिलास?"

*

पट्ट्यांची चौकट बाहेर ओढून जेवणाच्या टेबलावर ठेवली तेव्हा मामीने फक्त एवढंच विचारलं की मग जेवायचं कुठे. मग तिनेच ताटं स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडली. भाऊ एकेक पट्टी उलटी करून स्क्रू सोडवत होता. थोडा वेळ ताई बघत उभी राहिली, मग तिने खुर्ची ओढली, दुसरा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि कामाला लागली. भाऊने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातून स्क्रू दोनदा निसटला तेव्हा तो म्हणाला, "दाबून धर आणि मग फिरव," आणि तिने तसं केलं.

संध्याकाळी पियानो पुन्हा जागेवर बसला. ताईने धाव घेतली. सभागृहात तुटली होती तिथेच तुटली.

मामी दाराशी येऊन थांबली.

"आता सांग," ताई पाठ न वळवता म्हणाली. "काय होतं तिथे?"

उभ्या आयुष्यात भाऊने हे केलं नव्हतं. "अनामिका उशिरा पोचते," तो म्हणाला. "ते झाकायला तू मनगट वर उचलतेस. मग करंगळीवर जोर येतो आणि ती ओरडते. आणि तिच्या ओरडण्याने घाबरून तू पुढचं सगळं पळवतेस."

"पळवते?"

"खूप."

"आणखी?"

"आणखी म्हणजे... मधला संथ भाग तू पूर्वीपेक्षा चांगला वाजवतेस. हे मला दोन वर्षं सांगायचं होतं."

ताईने बोटांकडे पाहिलं. तिने धाव सावकाश घेतली. आली, पण लंगडत आली. पुन्हा घेतली. चिंगी भिंतीला टेकून ऐकत होती. त्या धावेला काय करायला हवं ते तिला माहीत होतं, आणि आपण गप्प राहिलो तर शनिवारी काय होईल तेही माहीत होतं. उद्या सकाळी व्यवस्थापकाला फोन जाईल, आणि शनिवारी संध्याकाळी झगमगत्या दिव्यांखाली ती स्वतः बसेल. फक्त गप्प राहायचं होतं. या घरात ते सगळ्यांनाच फार चांगलं जमत होतं.

ती आईशेजारी येऊन उभी राहिली.

"डावा हात तिथे रिकामा आहे," ती म्हणाली. "वरचे दोन सूर त्याच्याकडे दे. वरून हात ओलांडून. मग अनामिकेवर भार येतच नाही."

ताईची मान झटक्यात वळली. डाव्या हाताने उजव्याची कामं उरकणं याला ती आयुष्यभर चोरी म्हणत आली होती. विद्यार्थिनी असताना चिंगीने एकदा असं केलं होतं, तेव्हा ताईने तिला महिनाभर सोनाटेला हात लावू दिला नव्हता.

"ही चोरी आहे," ती म्हणाली.

"मी माझ्या लहान हातांच्या मुलांना हेच शिकवते. ऐकणाऱ्याला सूर हवा असतो, तो कुठल्या हाताचा आहे याची चौकशी तो करत नाही."

"मी करते."

"मग कर चौकशी आणि शनिवारी घरी बस. मी वाजवते."

ताईने स्टुलावर एका बाजूला सरकून जागा केली.

"दाखव," ती म्हणाली. "हळू दाखव. मला पटकन कळत नाही आता."

चिंगीने दाखवलं. ताईने केलं. चुकलं. चिंगी म्हणाली, "कोपर बाहेर," आणि ताईने निमूटपणे कोपर बाहेर घेतलं. मामीने नंतर भाऊला सांगितलं की सगळ्या दिवसात तिला खरी धास्ती वाटली ती ताईच्या त्या निमूटपणाचीच.

सकाळी व्यवस्थापकाला फोन ताईनेच केला. त्याने तब्येत विचारली. "मी वाजवतेय," ती म्हणाली, "आणि हवेबद्दल शनिवारी बोलू." आणि फोन ठेवून दिला.

*

शुक्रवारच्या तालमीला भाऊ शेवटच्या रांगेत बसला होता आणि मामी त्याच्या शेजारी. चिंगी स्टेजच्या कडेला, पडद्यापाशी उभी होती. सभागृहाचा पियानो होता तसाच जड होता. भाऊने ताईला विचारलं होतं, व्यवस्थापकाशी बोलून याला थोडा हलका करू का, आणि ताईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पिशवी लगेच बंद केली.

तिने सबंध सोनाटा वाजवली. मधला भाग आला तेव्हा मामीलाही कळलं की काहीतरी फार सुंदर चाललंय. शेवटचा भाग ताईने पूर्वीच्या वेगाने घेतला नाही. तिच्या नावाशी जोडलेला तो वेग आता नव्हता. ती चालत आली, प्रत्येक सूर जिथल्या तिथे ठेवत, आणि धावेची जागा आली तेव्हा डावा हात वरून ओलांडून गेला. पहिल्यांदा बसलं. दुसऱ्यांदा अनामिका मागे पडली, एक सूर आलाच नाही. ती थांबली नाही. तिसऱ्यांदा बसलं. आणि ती शेवटापर्यंत पोचली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तालमीला वाजवत नाहीत.

"सांग," ताई स्टेजवरून मोठ्याने म्हणाली.

"एक सूर खाल्लास," शेवटच्या रांगेतून भाऊचा आवाज आला. "आणि शेवट जरा जड झाला. पण पळवलं नाहीस."

ताईने मान हलवली. रुमालाने हात पुसले. मग तिने चिंगीला बोटाने जवळ बोलावलं.

ऐकता ऐकता चिंगीच्या मनात काय काय येऊन गेलं होतं, ते तिचं तिलाच कुणाला सांगता आलं नसतं. तो एक सूर गेला तेव्हा तिचं काळीज आनंदाने उसळलं होतं, आणि त्याच श्वासाला तिने मनात आईला "पुढे चल, पुढे चल" असं म्हटलं होतं. दोन्ही खरं होतं. ती जवळ गेली.

"उद्या पहिल्या रांगेत बस," ताई हळू आवाजात म्हणाली. "कडेच्या खुर्चीवर, स्टेजच्या पायऱ्यांपाशी. काळे कपडे घालून. हात गरम करून ये."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा हात मध्येच अडला, तर मी उठेन आणि तू येऊन बसशील. जिथे सोडलं तिथून पुढे. लोकांपुढे लाजायचं नाही, रडायचं नाही, मला सावरायला यायचं नाही. सरळ पियानोकडे जायचं. जमेल?"

एवढी वर्षं चिंगीला हवं होतं ते असं तिच्या हातात ठेवलं जाईल, असं तिला वाटलं नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली.

"छान. आणि एक सांगून ठेवते, आशा लावून बसू नकोस." ताईने बाह्या वर सारल्या आणि स्टूल थोडं पुढे ओढलं. "मी उठणार नाहीये."

"बघू," चिंगी म्हणाली.

"बघ," ताई म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.